हरून आलेल्या लेकीला काय सांगायचं?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सासूसुनांच्या तक्रारी असतात, मुलांच्या अभ्यासाच्या काळज्या असतात, यजमानांच्या सिगारेटी असतात. पण महिन्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातून आलेले एक पत्र मी तीनदा वाचले. असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. त्या भगिनीच्या परवानगीने पत्रातला मुख्य भाग, थोडा आटोपशीर करून, इथे देते.

"ताई, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. चौदाव्या वर्षापासून बॉक्सिंग करते. हे वाळूजला कंपनीत आहेत. तिचे पहिले ग्लोव्हज यांनीच दिवाळीच्या बोनसमधून आणून दिले होते. मागच्या रविवारी स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत तिला इतके ठोसे बसले की पंचांनी लढत थांबवली. हे समोरच बसले होते. घरी आल्यापासून हे एकच म्हणतात, 'बास झालं, आता नाही.' जाऊबाई म्हणतात, 'चेहरा शाबूत आहे तोवर स्थळं बघा.' तिचे सर फोन करून सांगतात, सोडू देऊ नका, पोरीत दम आहे. आणि ती? सकाळी म्हणते सोडते, रात्री म्हणते मरेन पण सोडणार नाही. हाताला गुंडाळायच्या तिच्या पट्ट्या मी धुऊन वाळत घातल्या, तर तिने त्या दोरीवरून ओढून माळ्यावर फेकल्या. सगळे माझ्याकडे बघतात. मी तिला काय सांगू?

ता. क. तिचं डोकं अजून दुखतंय, आणि खोलीत दिवा लावू देत नाही. रडून रडून दुखत असेल. रात्री बाम चोळून देते."

मैत्रिणींनो, आपण बायका खरी गोष्ट नेहमी ता. क. मध्ये लिहितो. पत्र हाती पडले त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि एवढेच सांगितले : बाकी सगळे राहू द्या, उद्या सकाळी तिला घाटीत किंवा तुमच्या माहितीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. त्या गेल्या. मेंदूला हादरा बसल्याचे निघाले. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. आता मुलगी बरी होत आहे. म्हणून उरलेल्या पत्राचे उत्तर आज सावकाश देते. ज्यांची मुले कुस्ती, कबड्डी, जुडो खेळतात त्यांनीही ते वाचावे.

आधी डोके, मग डोक्यातला प्रश्न

बेशुद्ध पडले तरच मेंदूला मार बसतो, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. शुद्ध न हरपताही मेंदूला हादरा बसतो. डॉक्टर त्याला कंकशन म्हणतात. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, उजेड आणि आवाज नकोसा होणे, विसरायला होणे, उगाच चिडणे किंवा रडणे, झोप बिघडणे ही त्याची लक्षणे. आता बघा, हरलेल्या मुलीच्या दुःखाची लक्षणे याहून वेगळी दिसतात का? म्हणूनच आई फसते. डोक्याला ठोसे बसल्यावर हे होत असेल तर ते दुःखाच्या खाती टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. सी. टी. स्कॅन साधा आला तरीही विश्रांती टळत नाही; हा हादरा त्यात दिसतोच असे नाही.

पुढची लक्षणे दिसली तर मात्र सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा :

• वारंवार उलट्या होणे, डोकेदुखी वाढत जाणे
• हलवूनही नीट जाग न येणे, माणसे न ओळखणे
• डोळ्यांतल्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे
• बोबडे बोलणे, हातापायातली शक्ती जाणे, झटका येणे
• नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त येणे

घरी काय करायचे? पहिले एकदोन दिवस शांत विश्रांती, मोबाईल आणि टी. व्ही. जवळजवळ बंद. नंतर घरातल्या घरात, मग गच्चीवर फेऱ्या, त्रास वाढला नाही तर हळूहळू पुढे. डोकेदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. जबडा दुखत असेल तर मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, पेज. महिनाभर दुचाकी नको.

आणि एक गोष्ट जरा दटावून सांगते. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा ठोसा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते, आणि कोवळ्या वयात ते जिवावर बेतते. हौशी मुष्टियुद्धात यासाठी वर्षानुवर्षे नियम आहे. डोक्याला मार बसून लढत थांबली तर निदान ३० दिवस लढत नाही आणि सरावातली ठोसाठोशीही नाही. तीन महिन्यांत असे दोनदा झाले तर ९० दिवस, वर्षात तीनदा झाले तर पूर्ण वर्ष. "हेडगार्ड घालतो ना" असे कोणी म्हणेल. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते. आत हादरणारा मेंदू त्याने वाचत नाही.

या नियमात आपल्यासाठी एक छान सोय आहे. महिनाभर ती खेळू शकतच नाही. मग महिनाभर निर्णय तरी कशाला घ्यायचा? यजमानांना सांगा, सरांना सांगा, जाऊबाईंनाही सांगा : "एक तारखेपर्यंत या घरात हा विषय बंद." हरलेल्या आठवड्यात घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, ती एक ठणक असते. सोडण्याचा असो की न सोडण्याचा.

तीन प्रश्न, तीन माणसे

महिना झाल्यावर "खेळायचे की सोडायचे" असा एकच प्रश्न मांडू नका. त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. डाळ, तांदूळ आणि खडे एकत्र झाले तर आपण आधी निवडतो ना? तसे निवडा.

पहिला प्रश्न : शरीर काय म्हणते? याचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे. इथे सरांचे, वडिलांचे, मुलीचे, कोणाचेही मत चालत नाही.

मुहम्मद अलीचे नाव ऐकले नाही असे घर विरळा. १९७१ च्या मार्चमध्ये जो फ्रेझरकडून तो हरला, तेव्हाही पुष्कळांनी त्याला संपवले होते. पण शरीर धड होते, उमेद होती. १९७४ मध्ये जॉर्ज फोरमनला हरवून त्याने जगज्जेतेपद परत मिळवले. म्हणजे त्या वेळी खेळत राहणे बरोबर होते. पुढे १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर फर्डी पाचेको या त्याच्या डॉक्टरांच्या हाती तपासणीचा अहवाल आला. मूत्रपिंडे बिघडू लागली होती. डॉक्टरांनी पत्रे लिहिली : अलीला, त्याच्या व्यवस्थापकाला आणि त्याच्या पत्नीलाही. एकाही पत्राचे उत्तर आले नाही. डॉक्टर त्याला सोडून गेले. अली खेळत राहिला. १९८० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या असे बडवले की अखेर त्याच्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला आणि पुन्हा हरला. १९८४ मध्ये त्याला कंपवाताचा विकार असल्याचे निदान झाले. १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात आपल्यापैकी अनेकींनी टी. व्ही. वर पाहिला असेल. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टर वाद घालोत. मला मात्र ते पत्र विसरता येत नाही, जे एका बायकोच्या नावे आले आणि ज्याचे उत्तर गेले नाही. बाई, तुमच्या ता. क. चे उत्तर मी त्याच संध्याकाळी दिले ते म्हणूनच.

दुसरा प्रश्न : हार कशामुळे झाली? याचे उत्तर सरांनी द्यायचे, आणि "पोरीत दम आहे" एवढे उत्तर पुरत नाही. तिचे संरक्षण कमी पडले का? डावा हात खाली राहत होता का? समोरची मुलगी अनुभवाने फार मोठी होती का? की वजन उतरवण्यासाठी हिने दोन दिवस उपाशी आणि तहानलेली राहून लढत दिली? हे शेवटचे आईने स्वतः विचारावे, कारण ते आपल्याच स्वयंपाकघरात घडते. पाणी तोडून वजन उतरवलेल्या मुलीला चक्कर येते, हालचाल मंदावते आणि ठोसे जास्त बसतात. मुलींच्या बाबतीत पाळी चुकू लागली, हिमोग्लोबिन घसरले, तर तिचे खाणे तिच्या कष्टांना पुरत नाही असे समजा. वजनी गट बदलता येतो. शरीर बदलून मिळत नाही.

ज्या हारीचे कारण सापडते ती हार शिकवणी असते. आपले खाशाबा जाधव आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. लाल मातीत वाढलेला माणूस तिथे गादीवर, परक्या नियमांनी लढला होता. अंगात जोर कमी पडला नव्हता. गादीची सवय आणि नियमांची ओळख कमी पडली होती. कारण कळले, म्हणून पुढची चार वर्षे त्यांनी त्यावर घालवली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मागच्या हारीचे कारण समजल्यावर कोणीतरी घर गहाण टाकायला तयार झाले, यातच सगळे आले.

पण तीच चूक, तसाच मार, वर्षात तिसऱ्यांदा होत असेल आणि सरांना कारण सांगता येत नसेल, तर दुसरे सर शोधावेत किंवा थांबावे.

तिसरा प्रश्न : तिला स्वतःला हवे आहे का? याचे उत्तर फक्त तिने द्यायचे. वडिलांच्या बोनससाठी नाही, सरांच्या नावासाठी नाही, जाऊबाईंची जिरवण्यासाठीही नाही.

आपल्या संभाजीनगरहून सिकंदराबादकडे जाणारी गाडी नांदेडनंतर निझामाबादला थांबते. निखत झरीन त्या गावची. लहानपणी एकदा ती सुजलेला डोळा घेऊन घरी आली तेव्हा तिची आई रडली, हिच्याशी लग्न कोण करणार म्हणून. तुमच्या जाऊबाईंचाच प्रश्न, भाषा तेवढी वेगळी. लेकीने आईची समजूत घातली, एकदा नाव होऊ दे, मुलांची रांग लागेल. पण नाव व्हायला वेळ लागला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. तेवीस वर्षांच्या निखतने मेरी कोमसारख्या सहा वेळच्या जगज्जेत्या खेळाडूशी चाचणी लढत मागून घेतली आणि ९–१ अशी हरली. सगळा देश बघत होता. लढत संपल्यावर तिच्याशी हस्तांदोलनही झाले नाही. आपली मुलगी असती तर आपण काय म्हटले असते? मोठ्यांशी स्पर्धा करायला कोणी सांगितली होती, हेच ना?

ती सरावाला परत गेली. २०२२ च्या मे महिन्यात इस्तंबूलला जगज्जेती झाली आणि २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा. मग २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला चीनच्या वू यूकडून ५–० अशी हरून रडत बाहेर आली. हरवणारी पुढे त्या गटात सुवर्णपदक घेऊन गेली, पण हरणाऱ्याला त्याचा काय आधार! याही वेळी निखतने खेळ सोडला नाही आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या जागतिक करंडक अंतिम स्पर्धेत सुवर्ण मिळवले.

हे सांगितले म्हणून प्रत्येक हरलेली मुलगी निखत होईल असे नाही. बहुतेक होत नाहीत. निखतकडून घ्यायचे ते एवढेच की दोन्ही वेळा पुढे जायचे तिचे तिने ठरवले, आणि घराने तिला ठरवू दिले. तुमच्या लेकीने तीस दिवसांनी "मला आता नको" असे शांतपणे सांगितले, तर तेही तितकेच मानाचे उत्तर आहे.

यजमानांशी कसे बोलाल?

तुमचे यजमान रागावले आहेत असे तुम्ही लिहिता. मला ते घाबरलेले वाटतात. ग्लोव्हज त्यांनी आणले आणि लेकीला मार खाताना समोर बसून त्यांनीच पाहिले. त्यांना वाटत असेल, मीच हिला तिथवर नेले. पुरुषाला "भीती वाटली" म्हणता येत नाही, म्हणून तो "बास झालं" म्हणतो. तेव्हा वाद घालू नका. रात्री जेवणानंतर त्यांना एकट्याला विचारा, "तुम्हाला तिथे काय दिसलं?" एकदा सांगू द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाच मुलीबरोबर पाठवा. तीस दिवसांचा नियम त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. निम्मी भीती तिथे उतरेल.

मुष्टियुद्धात खेळाडूचा एक कोपरा असतो. प्रत्येक फेरीनंतर तो एक मिनिट तिथे येऊन बसतो. कोणी पाणी देते, कोणी चेहरा पुसते, कोणी दोन शब्द सांगते. १९७५ मध्ये मनिलाला अली आणि फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. एकच फेरी उरली होती आणि त्याला लढायचे होते. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला बसवून ठेवले आणि लढत सोडली. त्याने आज जे केले ते कोणी विसरणार नाही, असेही त्याला सांगितले. कोपऱ्यातल्या माणसाचे काम दोन्ही असते. उठ म्हणायचे, आणि वेळ आली की बस म्हणायचे. बस म्हणताना अपमान करायचा नाही.

घर म्हणजे तोच कोपरा आहे. म्हणून काही गोष्टी टाळा. "मी आधीच सांगत होते" म्हणू नका. "काही नाही गं, पुढच्या वेळी जिंकशील" असेही म्हणू नका. ते तिला खोटे वाटते. तिच्यासमोर पाहुण्यांना त्या लढतीची हकीकत सांगू नका. आणि लग्नाचा विषय शिक्षेसारखा काढू नका. स्थळे बघायची तर तिच्या वयाने आणि मर्जीने बघा. हरली म्हणून नव्हे.

महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात नाव काढले आहे. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा गटात जगज्जेती झाली. आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेव्हा ती पुढे खेळली तर वाट आहे. थांबली तरी पाच वर्षे फुकट गेली असे समजू नका. पंच होता येते, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम करून प्रशिक्षक होता येते, पोलीस भरतीच्या तयारीत ही ताकद कामी येते. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तिची प्रमाणपत्रे त्यात बसतात का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या आणि ती एका फाईलमध्ये नीट लावून ठेवा. बी. कॉम. मात्र कोणत्याही परिस्थितीत पुरे होऊ दे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. तुम्ही विचारलेत, मी तिला काय सांगू? फार काही सांगू नका. एकदाच, तिच्याजवळ बसून एवढे म्हणा : "तू खेळलीस तरी माझी आहेस, सोडलंस तरी माझी आहेस. डोकं बरं होईपर्यंत मी तुला खेळू देणार नाही. त्यानंतर तू सांगशील ते." मग उठा आणि आपल्या कामाला लागा.

आणि हो, माळ्यावरच्या त्या पट्ट्या खाली काढा. पुन्हा एकदा धुवा, नीट गुंडाळून तिच्या कपाटात कपड्यांशेजारी ठेवा. तिच्या उशाशी ठेवू नका, तो आग्रह होईल. माळ्यावर राहू देऊ नका, तो निकाल होईल. कपाट उघडेल तेव्हा तिला दिसतील. त्या हातात घ्यायच्या की कोणा धाकट्या मुलीला द्यायच्या, ते तिचे तिला कळेल.

एक तारखेनंतर काय झाले ते मला जरूर कळवा. या वेळी मात्र ता. क. आधी लिहा.